यासीनचाचांचे दीड इंच

यासीनचाचांना गिटार वाजवता येत नव्हती. तीस-चाळीस गिटारी त्यांनी स्वतःच्या हातानं बनवल्या असतील. दुरुस्त केलेल्यांची मोजदाद त्यांनीही कधी केली नाही. पण गिटार हातात घेतली की सहा तारा वरून खाली एकेक छेडायच्या, डोळे मिटायचे, मग त्याच सहा खालून वर छेडायच्या. कार्यक्रम समाप्त. कुणी म्हटलं, "चाचा, एखादं गाणं होऊ द्या की," तर म्हणायचे, "पाळणा बनवणाऱ्याला कुणी अंगाई म्हणाया लावतंय का?"

त्यांचं दुकान शहागंजात, घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत. दुकानावर आधीच्या मालकाची फर्निचरची पाटी होती आणि ती बदलण्याची गरज चाचांना कधी वाटली नाही. त्यामुळं आठवड्यातून दोन-तीन माणसं पलंगाची चौकशी करायला यायची. चाचा त्यांना बसवून पाणी द्यायचे, पलंग कुठं चांगला मिळतो ते सांगायचे, आणि जाता जाता गिटारीच्या तारा छेडून ऐकवायचे. पलंगासाठी आलेला माणूस गिटार घेऊन गेला, असं एकदाच घडलं. पलंग त्याला नंतर दुसरीकडून घ्यावाच लागला.

माझा त्यांच्याशी परिचय झाला तो शाळेच्या हार्मोनियममुळं. छावणीतल्या एका शाळेत मी मराठी शिकवत होतो आणि शाळेचा सांस्कृतिक विभागप्रमुखही होतो. हे पद मला मिळालं, कारण ज्या बैठकीत ते वाटलं गेलं तिला मी गैरहजर होतो. विभागाच्या मालकीचं एक हार्मोनियम होतं, त्यात उंदरांनी संसार थाटला होता. ते रिक्षात घालून मी चाचांकडं गेलो, तेव्हा दुकानात एक ऑर्केस्ट्रावाला बसला होता. पडेगावचा. देह भरदार, गळ्यात साखळी.

"चाचा, मला मोठी गिटार पायजे. लई मोठी."

"काइकू?"

"लहान गिटार माझ्या अंगावर खेळण्यावानी दिसती. फोटोत तर दिसतच नाय."

"फोटोला आवाज लागत नाय," चाचा म्हणाले. "फोटोसाठी पुठ्ठ्याची करून देतो. पाहिजे तेवढी मोठी. वाजवायची असंल तर बसा, डबे ऐका."

डबे ऐकणं हा त्या दुकानातला प्रवेशविधी होता. चाचांकडं एक हातभर फळी होती, तिच्यावर एकच तार ताणलेली. फळीचं टोक ते आधी जर्द्याच्या डबीवर टेकवायचे आणि तार छेडायचे. आवाज चिचुंद्रीसारखा यायचा. मग तीच फळी बिस्किटाच्या डब्यावर. आवाज स्वच्छ आणि सरळ, समोरून कुणी नाव घेऊन हाक मारावी तसा. मग तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यावर. तिथं नुसतं घूंऽऽम. छातीत जाणवायचं, पण कोणता सूर होता हे ऐकणाऱ्याला दोनदा विचारावं लागायचं.

"तार तीच," चाचा म्हणाले. "छेडली बी तशीच. फरक पोटाचा. पोट मोठं, तर आत हवा जास्त, वरची फळी बी रुंद. ती खर्ज उचलती. पोट लहान, तर खर्ज कमी, मधला आवाज खणखणीत. मोठ्या पोटाला ढेकर बी मोठी येती. पण ढेकर म्हंजे गाणं नाय."

ऑर्केस्ट्रावाल्यानं स्वतःच्या पोटाकडं बघितलं. "मग मोठी वाईट म्हणता का?"

"वाईट नाय. एकट्यानं गायचं असंल, संगं कोण नसंल, तर मोठी ब्येस. तुमच्या मागं ढोल हाय, कोंगो हाय, बॅन्जो हाय. त्यांचा खर्ज आन् तुमचा खर्ज एका खाटंवर झोपणार कसे?"

तो मधल्या आकाराची गिटार सांगून गेला. जाताना पुठ्ठ्याचीही एक सांगून गेला.

चाचा हिमरू, म्हणजे रेशीम-सुताचं नक्षीदार कापड, विणणाऱ्यांच्या घरातले. वडिलांचा माग होता. पोलीस ॲक्शन होऊन निजामी गेल्यावर हिमरूची शेरवानी शिवणारे एकेक करून दिसेनासे झाले आणि माग आधी अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस बंद राहू लागला. यासीनचाचा विणकामाकडून माग दुरुस्त करण्याकडं आणि तिथून सुतारकामाकडं सरकत गेले. पण बोलणं मागावरचंच राहिलं. गिटारीच्या तारांना ते 'ताणा' म्हणायचे. ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे. "ताणा ढिला, तर कापड रडतं. ताणा जास्त, तर तुटतं. मधी कुठंतरी गातं," हे ते कापडाबद्दल सांगतायत की गिटारीबद्दल, ते कधी कळायचं नाही.

आणि गिटार त्यांच्या आयुष्यात आली ती फर्दापूरहून. अजिंठ्याची लेणी बघायला आलेल्या कुणा गोऱ्या बाईची गिटार बसच्या टपावरून पडली आणि तिची पाठ फुटली. फर्दापूरच्या लॉजवाल्यानं ती चाचांकडं पाठवली, कारण त्याच्या माहितीत लाकूड आणि ताणलेला धागा या दोन्ही गोष्टी कळणारा एवढा एकच माणूस होता. काम एका दिवसाचं होतं. चाचांनी चार दिवस लावले. पाठ उघडून आतल्या एकेका पट्टीचा खाकी कागदावर नकाशा काढला, फळीची जाडी जागोजाग मोजली, आणि सगळ्यात शेवटी वडिलांच्या मागातून निघालेल्या शिसवी लाकडाचा एक गज तासून त्याच्यावर गिटारीच्या दांडीवरचे सगळे पडदे खुणा करून उतरवून घेतले. पडदे म्हणजे त्या आडव्या पितळी सळ्या, ज्यांच्यामागं बोट दाबलं की सूर बदलतो. तारेची लांबी, दांडीच्या टोकापासून तारा जिच्यावर टेकतात त्या खालच्या घोडीपर्यंत, साडेपंचवीस इंच. त्यानंतर चाचांनी बनवलेली प्रत्येक गिटार साडेपंचवीस इंचाची होती. पोटं बदलली, लाकडं बदलली, गज तोच.

गिऱ्हाइकाचा हात खाकी कागदावर ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवायची, ही त्यांची दुसरी सवय. त्या कागदावर ते नाव लिहीत नसत. सगळे हात एका खिळ्याला टांगलेले असायचे आणि चाचा नुसत्या बोटांवरून माणूस ओळखायचे. माझाही हात त्यांनी काढून घेतला होता. मी म्हटलं, "चाचा, मला गिटार नको आहे." ते म्हणाले, "मालूम हाय. या बोटांना खडूच ठीक हाय." मी ती तारीफ समजून घेतली.

आमच्या शाळेत गायन शिकवायच्या रूथताई खरात. बावीस वर्षं शिकवत होत्या आणि बावीस वर्षं गिटारीवरच. इतर शाळांत प्रार्थना पेटीवर व्हायची, आमच्याकडं गिटारीवर. छावणीत राहणाऱ्या, चर्चच्या गायकवृंदात वाढलेल्या, आवाज बारीक पण सुराला पक्क्या. वर्गात एखादं पोर बेसूर झालं, तर रागवायच्या नाहीत. त्याच्याजवळ जाऊन त्याच्या कानाशी एकच तार वाजवत राहायच्या, पोर शरमून सुरात येईपर्यंत.

त्यांची जुनी, चाचांनीच बनवलेली गिटार मोडकळीला आली, तेव्हा संस्थेचे सचिव भाऊसाहेब यांनी नवी गिटार भेट दिली. भाऊसाहेब हे मोठेपणाच्या बाबतीत तडजोड न करणारे गृहस्थ होते. त्यांनी मुंबईहून दुकानातली सगळ्यात मोठी गिटार आणवली. रूथताई तिच्यामागं उभ्या राहिल्या की वरून चष्मा आणि खालून साडीचा काठ दिसायचा. गिटारीचं रीतसर उद्घाटन झालं. फीत कुठं बांधावी यावर अर्धा तास चर्चा झाली आणि अखेर ती तारांवरूनच बांधण्यात आली. कापताना कात्रीनं सगळ्यात बारीक तारही गेली. टाळ्या झाल्या.

पण खरा प्रताप वेगळाच होता. गिटारीच्या तोंडावर, घोडीच्या बरोबर खाली, तळहाताएवढी पितळी पाटी चार स्क्रूंनी बसवली होती. तिच्यावर भाऊसाहेबांचं नाव, पद, आणि आणखी दोन पदं. गिटार एवढी मोठी असून आवाज रजईखालून आल्यासारखा. मी ती चाचांकडं घेऊन गेलो. चाचांनी पाटीवर टिचकी मारली.

"मास्तर, हे कोण वारलं?"

"अजून कुणी नाही."

"मग कबरीचा पत्थर काइकू बसवला? अहो, ही फळी म्हंजे गिटारीचा दम हाय. ती हलती म्हणून आवाज येतो. तिच्या छातीवर असा माणूस बसवल्यावर ती बोलणार कशी?"

त्यांनी चार स्क्रू काढले, भोकं बुजवली. तार छेडली, तर दुकानातल्या काचेच्या बरण्या थरथरल्या. पाटी आम्ही गिटारीच्या पेटीच्या झाकणावर बसवली. पेटी नेहमी बंद असते आणि पाटी नेहमी दिसते, हे भाऊसाहेबांना पटायला वेळ लागला नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत रूथताई स्कूटरवरून पडल्या. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण सांधे आखडले होते. डॉक्टर म्हणाले, भाकरी थापता येईल. गिटारीचं त्यांनी काही सांगितलं नाही, कारण रूथताईंनी विचारायचं धाडस केलं नाही.

जानेवारीत त्या शाळेत आल्या आणि संगीताच्या खोलीचं दार लावून घेतलं. मी बाहेर उभा होतो. एक कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचा सुरांचा गुच्छ, नीट वाजायचा, पुढच्यात एक तार फटकन मुकी पडायची. पुन्हा. पुन्हा. मग गिटारीच्या पेटीचं झाकण लागल्याचा आवाज. त्या बाहेर आल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सर, गव्हाच्या दाण्याएवढं कमी पडतंय. बोट जातं, पण एवढंसं आधी थांबतं. आणि दाबायला गेलं की कळ येते."

भाऊसाहेबांच्या कानावर हे गेलं. त्यांच्याकडं उपाय तयार होता. विजेवर चालणारा कीबोर्ड. "बटण दाबलं की ढोलकीसुद्धा आपोआप वाजते," ते म्हणाले, "मग शिक्षिकेला बोटांचा त्रास कशाला?" तो वाजवायला त्यांच्या ओळखीतला एक माणूस होता. रूथताईंना पुढच्या वर्षापासून शिवणाचे तास देण्याचा विचार होता. शिवणाला बोटं लागत नाहीत, अशी त्यांची माहिती असावी.

मी रूथताईंना घेऊन शहागंजात गेलो. चाचांनी त्यांना स्टुलावर बसवलं, जुना खाकी कागद काढला, त्यावरच्या बावीस वर्षांपूर्वीच्या हातावर आजचा हात ठेवायला सांगितला. दोन बोटं जुन्या रेषेच्या आतच राहिली. चाचांनी पेन्सिल फिरवली नाही. कागद गुंडाळून ठेवला.

"टीचर, बोट लांब करणं माझ्या हातात नाय. दांडी छोटी करणं हाय. ताणा छोटा केला, तर दोन गोष्टी व्हतात. पडदे जवळ येतात, म्हणून बोट पोचतं. आन् तोच सूर कमी ताणावर लागतो, म्हणून दाबायला तार मऊ व्हती. दीड इंच कमी करतो. चोवीस इंच."

"दीड इंचानं काय होणार चाचा?" मी विचारलं.

"मास्तर, तुमी दात पडल्यावर विचारलं व्हतं का, एका दातानं काय व्हणार?"

"आणि आवाज?" रूथताईंनी विचारलं. "आवाजाचं काय?"

चाचा म्हणाले, "त्याची किंमत हायच. लांब तार कडक असती, तिचा आवाज तेज, दूरवर घुमतो, खर्ज स्वच्छ येतो. छोटी तार मऊ, गोड, पण जोर कमी. आता हा कमी जोर तुमच्या सचिवांच्या त्या हत्तीला लावला, तर हत्ती हलणार नाय. बैल एक आन् गाडी दोन बैलांची. म्हणून पोट बी लहान करावं लागंल, आन् वरची फळी पातळ. म्हंजे थोड्या जोरात बी ती जागी व्हती. खर्ज जाईल. पण पोरांच्या गळ्याच्या वर-खाली जो आवाज लागतो, तो मधला, तो राहील."

रूथताईंनी कळीचा प्रश्न विचारला. "शेवटच्या रांगेपर्यंत जाईल?"

"जाईल," चाचा म्हणाले. मग प्रामाणिकपणानं पुढं म्हणाले, "बहुतेक."

पहिली चोवीस इंची गिटार महिन्याभरात तयार झाली. लहानशी, कंबर बारीक, वरची फळी देवदाराची. मोकळ्या तारा छेडल्या तर इतक्या गोड की गल्लीतला चहावाला कप हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला. रूथताईंनी गिटार मांडीवर घेतली. एफचा कॉर्ड धरला. हा त्यांचा शत्रू होता. बोटं पोचली! त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी तारांवरून हात फिरवला, आणि चहावाला कप घेऊन परत गेला.

भयंकर. प्रत्येक तार दुसरीशी भांडण काढत होती. बोट जितकं खाली न्यावं तितका सूर जास्त चढा. रूथताईंनी एक-दोनदा तारा लावून बघितल्या. मोकळ्या तारा सुरात, दाबल्या की बेसूर. त्यांनी गिटार हळूच खाली ठेवली आणि म्हणाल्या, "असू दे चाचा. तुम्ही एवढं केलंत तेच खूप आहे." हे वाक्य बेसुरापेक्षा वाईट लागलं.

चाचांनी गज काढला, दांडीला लावला. सगळे पडदे खुणेवर होते. दीड इंच त्यांनी कमी केलं होतं ते फक्त खालच्या बाजूनं, घोडी वर सरकवून. वरचे पडदे साडेपंचवीस इंचाच्या गजाचेच. म्हणजे दीड इंच सगळं शेपटीतून कापलं होतं, आणि बोटं पोचली होती ती निव्वळ तारा मऊ झाल्यामुळं.

चाचांनी कपाळावर हात मारून घेतला आणि खदखदून हसले. "मास्तर, घराण्याची चूक हाय ही! आमच्या घरात थान दोन हात कमी विणलं, तरी नक्षीची बुट्टी तेवढीच राहती, दोन बुट्ट्यांतलं अंतर तेवढंच राहतं. कापड कापा, नक्षी बदलत नाय. माझ्या अब्बांनी आयुष्यभर तेच केलं, मी बी तेच केलं. पण ही तार कापड नाय. हिचा एक धागा कापला, तर सगळी नक्षी नव्यानं मांडावी लागती."

ती दांडी त्यांनी काढली आणि भिंतीवर टांगली. त्या भिंतीवर आधीपासून एक उलटी चिकटवलेली घोडी, एक जाळलेली फळी आणि एक डावखुऱ्यासाठी उजव्या हाताची केलेली दांडी टांगलेली होती. इतर दुकानांत प्रमाणपत्रं टांगतात. चाचा म्हणायचे, "सर्टिफिकेट दुसऱ्यानं दिलेलं असतं. ह्या चुका माझ्या स्वतःच्या हायत."

पण नवी नक्षी मांडायची कशी? गज एकच माहीत, तोही उतरवून घेतलेला. अंतरं तशी का आहेत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वाट दाखवली ती रूथताईंनीच. त्यांच्या पर्समध्ये केपो नावाचा चिमटा होता. तो दांडीवर आवळला की तार तिथूनच सुरू होते. त्यांनी तो मोठ्या गिटारीवर दुसऱ्या पडद्याशी लावला. "हे बघा चाचा, असं केलं की बोटं पोचतात. पण सगळंच वरच्या पट्टीत जातं आणि पोरांचे गळे चिरतात."

चाचा त्या चिमट्याकडं बघतच राहिले. "टीचर, तुमी आत्ता तार छोटी केली. तरी बेसूर झाली नाय. काइकू?"

त्यांनी खाकी कागदाच्या पट्ट्या कापल्या. पूर्ण तारेएवढी एक पट्टी, चिमट्यापुढच्या तारेएवढी दुसरी. दोन दिवस ते पट्ट्यांच्या घड्या घालत बसले होते. पलंगवाली गिऱ्हाइकं पाणी न पिता परत गेली. तिसऱ्या दिवशी निरोप आला. मी गेलो, तर चाचा विजयी चेहऱ्यानं बसलेले. "मास्तर, अठरा! तार कितीबी घ्या, तिचे अठरा भाग करा, एक भागावर पहिला पडदा. मग जी तार उरली तिचे परत अठरा भाग, एक भागावर दुसरा. उरली तिचे परत. परत्येक अंतर आधीच्याहून जरासं बारीक."

मी आमच्या गणिताच्या देशपांडे सरांना घेऊन गेलो. त्यांनी वहीत एक पान भरून आकडेमोड केली, चष्मा वर केला, आणि काहीशा अनिच्छेनं म्हणाले, "पद्धत बरोबर आहे. फक्त अठरा नव्हे. सतरा पूर्णांक आणि पुढं जवळजवळ ब्याऐंशी शतांश."

चाचांनी मान डोलावली. "म्हंजे अठराला जरा कमी. जाड पेन्सिलीनं माझा आकडा, बारीक पेन्सिलीनं तुमचा." आणि पेन्सिलीला टोक काढायला बसले. देशपांडे सरांनी परतताना रिक्षात तीच वही पुन्हा उघडली. मग म्हणाले, "हे चाचा गणितात नापास झालेले नसणार. बसलेच नसणार परीक्षेला."

नव्या दांडीवर पहिल्या चार पडद्यांत मिळून पाव इंचाहून थोडी जास्त जागा वाचली होती. म्हणजे गव्हाचा एक दाणा, आणि वर थोडी सवलत. रूथताईंनी एफ धरला, वाजवला. मग त्याच कॉर्डवर आठ-दहा वेळा हात फिरवत राहिल्या, एखादं बेसूर पोर सुरात आल्यावर त्याच्या डोक्यावरून फिरवायच्या तसा. चाचा म्हणाले, "टीचर, बाकीचे कॉर्ड बी हायत त्याला."

आता प्रश्न राहिला शेवटच्या रांगेचा. भाऊसाहेबांनी गिटार बघितली आणि दुःखी झाले. "एवढीशी? एवढ्या मोठ्या संस्थेला?" त्यांनी अट घातली: स्नेहसंमेलनाच्या आधी, सभागृहात, माइकशिवाय. शेवटच्या रांगेत ऐकू आली तर ठीक, नाहीतर कीबोर्ड. माइकशिवायची अट व्यवहार्य होती, कारण आमचा माइक भाऊसाहेबांच्या भाषणापुरताच चालायचा.

त्या दिवसानंतर यासीनचाचा मला दिसले नाहीत, म्हणून तो दिवस नीट आठवतो. पुढच्याच आठवड्यात माझी बदली संस्थेच्या वैजापूर शाखेत झाली. तिचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, असं मला न विचारता सांगण्यात आलं. वर्षानं परत आलो, तोवर चाचा मुलीकडं फर्दापूरला राहायला गेले होते, आणि त्यानंतर तिथंच वारले.

सकाळची नऊची वेळ. पत्र्याच्या छताचं लांबलचक सभागृह. मंचावर रूथताई एकट्या, मांडीवर ती लहानशी गिटार. शेवटच्या रांगेत भाऊसाहेब, शेजारी हेडक्लार्क. चाचा धुतलेला पायजमा-सदरा घालून आले होते. ते माझ्या कानाशी लागले. "मास्तर, मी इथं नाय थांबत. चार भिंतीत समदंच बरं ऐकू येतं. मी बाहेर जातो. तुमी खिडकीशी उभं रहा. मला जिथवर ऐकू येईल तिथवर मी हात वर ठेवीन. हात खाली आला, की समजा तिथं संपली." आणि गेले.

रूथताईंनी सुरुवात केली. शाळेची रोजचीच प्रार्थना, शब्दांशिवाय. मोठ्या गिटारीचा खर्ज त्या पत्र्याखाली घुमून सगळा काला व्हायचा. इथं काहीच घुमत नव्हतं. प्रत्येक सूर सुटा, आपापल्या पायांनी चालत मागच्या भिंतीपर्यंत जात होता. मला शेवटच्या रांगेच्या बाजूनं कुजबुज ऐकू आली.

"येतोय का आवाज?" भाऊसाहेब.

"साहेब, तुम्हाला येतोय का?" हेडक्लार्क.

"मला येतोय."

"मग मलाही येतोय साहेब. मघापासून येतोय."

मी खिडकीतून बाहेर बघत होतो. चाचा उजवा हात वर करून मैदानातून पाठमोरे चालले होते. कबड्डीची चौकट ओलांडली, हात वर. पाण्याची टाकी मागं पडली, हात वर. दर दहा-पंधरा पावलांनी थांबायचे, डोकं किंचित तिरकं करायचे, पुढं निघायचे. फाटकापाशी थोडे जास्त थांबले. मला वाटलं, आता हात खाली येणार. नाही. फाटकातून बाहेर पडले आणि रस्त्याच्या कडेला, हात तसाच उंच धरून, आमच्याकडं तोंड करून उभे राहिले.

तेवढ्यात शहराची बस आली. रस्त्याच्या कडेला हात वर करून उभा असलेला म्हातारा बघून ड्रायव्हरनं बरोबर त्यांच्यासमोर ब्रेक मारला. चाचांनी बसकडं बघितलं. शाळेकडं बघितलं. बस आपल्यासाठी थांबली आहे, थांबा नसताना थांबली आहे, आणि कंडक्टर दार उघडून वाट बघतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. असल्या माणसाला निराश करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते चढले.

बस घरघर करत निघाली. आत रूथताई तिसऱ्यांदा ध्रुवपदावर आल्या होत्या आणि आता त्यांच्याबरोबर कुणीतरी, बहुधा हेडक्लार्क, गुणगुणत होता. मागच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि उंच झाला. अजून येतोय. वडाशी बस वळायला लागली, तरी हात वरच. अजून येतोय. त्या इंजिनच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू आलं नसतं, मग गिटार कुठली. आवाजाच्या बाबतीत यासीनचाचा आयुष्यात एकदाच खोटं बोलले असतील, तर ते त्या वळणावर. बस वळून दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी हात खाली आणला नाही.